जून शेळीचा फरा, मंद आचेवर

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग मागे टाकलं की जळकोट. हा सगळा पट्टा काळ्या उस्मानाबादी शेळीचा. कोवळं मटण सगळ्यांनाच हवं असतं. जून शेळीचं चिवट म्हणून स्वस्त मिळतं, पण चव त्यालाच जास्त. कुकरमध्ये आच शंभर अंशांच्या वर जाते. चिवट पडदे लवकर विरघळतात खरे, पण तंतू आकसून रस पिळून टाकतात आणि तुकडा कोरडा पडतो. ७० अंशांवरही ते पडदे विरघळतातच, फक्त वेळ लागतो. परदेशात स्वस्त गोमांस ‘सू व्हीड’ पद्धतीनं, म्हणजे बंद पिशवीत, एकाच तापमानाच्या पाण्यात बुडवून, मऊ करतात. तीच पद्धत इथे वापरू.

खाटकाकडून फऱ्याचं एक किलो मटण हाड काढून घ्या. हाडाचं टोक पिशवी फाडतं. दोन लहान चमचे मीठ, हळद आणि थोडं तेल चोळा. कच्चा लसूण घालू नका, इतक्या कमी आचेवर त्याचा उग्रपणा जात नाही. उष्णता सोसणाऱ्या, अन्नासाठीच्या जाड झिपच्या पिशवीत मटण एकेरी थरात भरा. तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी हळूहळू पाण्यात सोडा. हवा निघून गेली की तोंड बंद करा.

पाणी ७० अंशांवर स्थिर ठेवणारं यंत्र लावा आणि पिशवी पूर्ण बुडवून २४ तास ठेवा. वाफेनं पाणी आटतं, म्हणून वर झाकण हवंच. आपल्याकडे खरी काळजी विजेची. साध्या पातेल्याऐवजी जाड भिंतीचा आइसबॉक्स वापरा, त्यात पाणी सावकाश निवतं. थर्मामीटर मात्र जवळ असू द्या. पाणी ५५ अंशांखाली उतरून दोन तासांहून जास्त गेले, किंवा किती वेळ गेला तेच कळत नसेल, तर ते मटण खाऊ नका. पुन्हा उकळून भागत नाही. काही जंतूंचं विष उकळल्यानंतरही उरतं.

पिशवीतला रस फेकू नका. तो उकळा, वर येणारा फेस गाळून काढा. ही झाली अळणी. कांदा, खोबरं, लसूण भाजून वाटा, तेलात परता, अळणी ओता आणि शेवटी येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, पाण्यात कालवून घाला. मटण फडक्यानं अगदी कोरडं टिपा आणि कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर लाल करा. ओलं राहिलं तर ते भाजत नाही, नुसतं वाफवलं जातं. धाग्याला आडवं कापून वाढताना रश्श्यात सोडा, सोबत ज्वारीची भाकरी. लगेच खायचं नसेल तर बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात पूर्ण गार करून फ्रीजमध्ये ठेवा.