आजीची शंका चुकीची होती, तरी आजोबा वाचले

अणदूर भागातले रुग्ण मोठ्या उपचारासाठी सोलापूर गाठतात आणि बरं वाटलं की औषधांची पिशवी घेऊन गावाकडं परततात. ती पिशवी उघडताना परिचारिकेनं फार सावध असावं. का, ते सांगते.

मधुमेहाचे एक आजोबा आमच्या वॉर्डात दाखल होते. कागदावर रात्रीसाठी २० युनिट इन्शुलिन लिहिलेलं. सोबतच्या सिस्टरनं पिशवीतली बाटली घेतली आणि नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. आजी पुढं झाल्या. "बाई, आमचं औषध दुधावानी असतंय. हे तर पाण्यावानी दिसायलंय."

"डॉक्टरांनी बदलून दिलंय, आजी," सिस्टर म्हणाली. ते खरंच होतं. आधीचं मिश्र इन्शुलिन बंद करून ग्लार्जिन सुरू केलं होतं आणि ते स्वच्छच दिसतं. तरी दोघींनी बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. त्यावर होतं, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते, १०० साठी नारिंगी. लाल सिरिंजमध्ये विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या बाटलीतून ते ५० युनिट झाले असते, म्हणजे अडीचपट. रात्री झोपेत साखर घसरली असती, तर घाम, थरथर कुणाच्या लक्षातही आली नसती.

आजींना औषध चुकल्याची शंका होती. औषध बरोबर होतं, सिरिंज चुकली होती. नातेवाइकाची शंका बरोबर असायलाच हवी असं नाही. तिच्यामुळं हात थांबतो आणि डोळे लेबलवर जातात, एवढं पुरतं.

लेबल न वाचण्याची किंमत महाराष्ट्रानं पाहिली आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, हे नशीब.

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच मुद्दे आपल्याला पाठ असतात. पाठ असतात म्हणूनच ते सवयीनं उरकले जातात. त्यांना थोडी जोड द्या. रुग्णाला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "नाव सांगा" म्हणा. लेबल तीनदा वाचा: बाटली उचलताना, औषध ओढताना, ठेवताना. इन्शुलिनसाठी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा, आणि दुसऱ्या सिस्टरला मात्रा स्वतंत्रपणे मोजायला सांगा. 'युनिट' पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. फोनवरचा आदेश लिहून घ्या, डॉक्टरांना परत वाचून दाखवा. आणि चूक झालीच तर आधी रुग्ण सांभाळा, लगेच डॉक्टरांना कळवा, नोंद करा. लपवलेली चूक पुढच्या पाळीत दुप्पट होते.

"खेड्यातल्या लोकांना औषधातलं काय कळतंय?" असं म्हणणाऱ्यांनी आमच्या अणदूरकडं पाहावं. इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. घरात रोज इन्शुलिन हाताळणारी आजीही शिकू शकते. सुट्टी देताना तिच्या हातात बाटली आणि सिरिंज द्या, तिच्याकडून मात्रा ओढून घ्या, साखर उतरल्याची लक्षणं तिच्याच तोंडून ऐका.

आणि तिची शंका चुकीची निघाली, तरी "बरं विचारलंत" म्हणा आणि कारण समजावून सांगा. एकदा गप्प बसवलं, की पुढच्या वेळी ती बोलणार नाही.