सिकलसेलची चित्रफीत सगळ्यांना कळावी म्हणून

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी आम्ही सिकलसेलवर छोटी ॲनिमेशन फीत करतो आहोत. कमी शिकलेल्यांना, कमी दिसणाऱ्या-ऐकणाऱ्यांनाही ती समजावी, यासाठी काय करावं?

उत्तर : सगळा जोर एकाच दृश्यावर द्या. गोल, लवचीक तांबडी पेशी ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. दुखणं तिथूनच सुरू होतं. हालचाल संथ ठेवा. पेशी अडकली की चित्र दोन-तीन सेकंद थांबवा. निरोगी पेशी लाल आणि आजारी हिरवी, असं मात्र करू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे गोंधळतील. फरक आकारातूनच दिसू द्या. वेदना दाखवायला पडदा लुकलुकवणंही टाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाटांनी काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

निवेदनात ‘इथे पाहा’ नको, ‘पेशी वाकली, नळीत अडकली’ असं हवं. आवाज भिली, पावरी बोलणाऱ्यांचाच घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली मोठ्या, ठळक अक्षरांत तेच शब्द द्या.

हायड्रॉक्सियुरिया घेताच सगळ्या पेशी कायमच्या गोल झाल्या, असं दाखवणं मला धोक्याचं वाटतं. गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन या औषधाने वाढतं, म्हणून वाकड्या पेशी कमी होतात. आजार जात नाही. बरं वाटलं म्हणून गोळी सोडणाऱ्याला पुन्हा त्याच कळा सोसाव्या लागतात. कच्ची फीत आधी काही रुग्णांना दाखवा आणि काय कळलं ते त्यांनाच सांगायला लावा.