'ड्रॅगन' : एक नाम, अनेक प्रतिमा
(नामकरण आणि भाषांतर यांच्या संदर्भात एक अभ्यास)

१

'ड्रॅगन' हा शब्द मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेला नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून तो चीनचा पर्याय म्हणून येतो, बालवाङ्मयातून आग ओकणारा पशू म्हणून येतो, प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून सरड्यांचे आणि घोरपडींचे नाव म्हणून येतो. आणि अलीकडे तर फळबाजारातही तो रुळला आहे. एका शब्दाची व्याप्ती इतकी वाढली की त्यामागे एकच वस्तू किंवा एकच कल्पना असावी, असा समज सहज दृढ होतो. तुलनात्मक पुराणकथांच्या अभ्यासातही ड्रॅगन हा मानवजातीला समान असलेला आदिबंध होय, असे विधान वारंवार केले जाते.

या विधानात तथ्यांश नाही असे नाही. तथापि ज्या प्रतिमांचे साम्य दाखवायचे, त्या सर्वांना आधीच एक नाव देऊन मोकळे झाल्यावर साम्य सिद्ध करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून साम्याचा विचार करण्यापूर्वी नामाचा विचार करणे आवश्यक ठरते. हे नाव कोणी, कोणाला आणि कोणत्या भाषेतून दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने तो केवळ व्युत्पत्तीचा प्रश्न नाही. भाषांतराच्या वाटेने आपलीच एक प्रतिमा आपल्याला परकी कशी होते, हेही त्यातून स्पष्ट होते.

२

ग्रीक 'द्राकोन' हा या शब्दाचा मूळ पूर्वज. 'पाहणे' या अर्थाच्या ज्या धातूशी तो जोडला जातो, तो संस्कृत 'दृश्' या धातूचा सगोत्र आहे. रोखून पाहणारा तो द्राकोन, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. सापाची नजर हा विशेष भारतीय परंपरेनेही टिपला आहे. 'दृष्टिविष' ही संज्ञा आणि अमरकोशातील 'चक्षुःश्रवा' हा पर्याय यांची येथे आठवण होते. होमरच्या काव्यात द्राकोन म्हणजे प्रायः साप; पंख, पाय, अग्निज्वाला ही त्याची अपरिहार्य लक्षणे नव्हेत.

अर्थाला निर्णायक वळण मिळाले ते धर्मग्रंथांमुळे. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात समुद्रातील महाकाय प्राण्यांसाठी 'द्राकोन' योजला गेला आणि बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तो सैतानाशी एकरूप झाला. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने संकलित केलेल्या संतचरित्रांतून संत जॉर्जची कथा युरोपभर पसरली. यानंतर ड्रॅगनचा वध हा श्रद्धेच्या विजयाचा संकेत बनला. एडमंड स्पेन्सरच्या १५९० साली प्रकाशित झालेल्या 'फेअरी क्वीन'च्या पहिल्या सर्गसमूहातील ड्रॅगनयुद्धाला हीच रूपकात्मक बैठक आहे.

परंतु युरोपची परंपराही एकजिनसी नाही. 'बेवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील ड्रॅगन पुरातन थडग्यातील धनावर बसलेला आहे. त्यातील एक पात्र चोरीला जाते आणि तो खवळतो. त्याला मारताना वृद्ध राजाही प्राणास मुकतो. या प्रसंगात विजय आणि विनाश वेगळे करता येत नाहीत. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात हा ड्रॅगन काव्याच्या केंद्रस्थानी का आहे, याचे विवेचन केले; तोपर्यंत अनेक अभ्यासक त्याला काव्यातील बालिश अंश समजत होते. आइसलंडच्या 'व्होल्सुंग सागा'तील फाफ्नीर तर मुळात ड्रॅगन नव्हेच. सोन्याच्या लोभाने पित्याचा घात करून धनावर पडून राहिलेला आणि कालांतराने ड्रॅगन झालेला तो एक जीव आहे.

येथे मराठी वाचकाला काही ओळखीचे भासते. ज्याचा जीव धनात अडकला तो मेल्यावर नाग होऊन त्या धनावर बसतो, ही समजूत महाराष्ट्रातील लोककथांत सर्वत्र आढळते. फाफ्नीरचे नाते संत जॉर्जच्या शत्रूपेक्षा आपल्या गुप्तधनावरील भुजंगाशी अधिक जवळचे आहे. नाम एक असूनही आशय दुरावतो आणि नामे भिन्न असूनही आशय जुळतो, याचे हे एक उदाहरण होय.

३

सर्पवधाची कथा भारतालाही नवी नाही. ऋग्वेदातील इंद्र 'अहि' वृत्राला मारून कोंडलेले पाणी मोकळे करतो. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात 'वीराने सर्पाला मारले' या आशयाचे सूत्र निरनिराळ्या इंडो-युरोपीय भाषांतून शोधून दाखवले आणि त्यासाठी 'हन्' धातू व 'अहि' शब्द यांच्या वैदिक योजनेचा महत्त्वाचा आधार घेतला. मात्र भारतीय परंपरा वधावर थांबली नाही. भागवतातील कृष्ण कालियाला मारीत नाही. त्याचा दर्प उतरवून त्याला यमुनेतून समुद्राकडे पाठवतो. नाग हा शत्रू असतो, शरणागत असतो, क्षेत्रपाल असतो आणि नागपंचमीला पूज्यही असतो.

हा बहुरूपी नाग बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला. चिनी भाषांतरकारांपुढे 'नाग' या शब्दासाठी प्रतिशब्दाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी 'लुंग' हा शब्द निवडला. चीनमधील लुंग हा पाऊस, नद्या आणि राजसत्ता यांच्याशी निगडित, मुख्यतः मंगल असा प्राणी होता. पाण्याचे स्वामित्व हा दोहोंना जोडणारा दुवा ठरला. नागराजाचे 'लुंगवांग' झाले. आचार्य नागार्जुनाच्या नावाचे 'लुंगशु', म्हणजे लुंग आणि वृक्ष, असे रूपांतर झाले. ही निवड विचारपूर्वक होती. तिच्यात अर्थाचा विस्तार झाला, विपर्यास झाला नाही.

विपर्यास पुढच्या टप्प्यावर झाला. युरोपीय लेखकांनी 'लुंग'साठी 'ड्रॅगन' हा शब्द योजला आणि त्याबरोबर प्रकटीकरणातील सैतानाची छाया चिनी प्रतिमेवर पडली. त्याचा भारतीय साहित्यावर झालेला परिणाम फाहियानच्या प्रवासवृत्तान्तावरून दिसतो. इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघालेल्या या भिक्षूने संकाश्य येथील विहाराच्या आश्रयदात्या नागाची हकीकत नोंदवली आहे. पांढऱ्या कानांचा हा नाग त्या प्रदेशात वेळेवर पाऊस पाडतो, पीक राखतो. भिक्षूंनी त्याच्यासाठी निवासस्थान बांधले आहे व त्याला नित्य नैवेद्य दिला जातो. वर्षावास संपला की तो लहानशा सापाचे रूप घेतो आणि भिक्षू त्याला साय भरलेल्या तांब्याच्या पात्रात ठेवून ज्येष्ठापासून कनिष्ठापर्यंत फिरवतात. जेम्स लेग यांच्या १८८६ सालच्या इंग्रजी भाषांतरात हा प्राणी 'ड्रॅगन' आहे.

या इंग्रजी पाठावरून मराठी भाषांतर करणाऱ्याने 'ड्रॅगन' हाच शब्द ठेवला, तर आजच्या उत्तर प्रदेशातील एका विहाराचा नाग मराठीत परदेशी पशू होऊन अवतरेल. संस्कृत-पालीतून चिनीत, चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा फेरा पूर्ण करून शब्द घरी परततो. पण घरची माणसे त्याला ओळखत नाहीत.

४

विज्ञानातील नामकरणाने या शब्दाला आणखी वाटा फोडल्या. खगोलशास्त्रात उत्तर ध्रुवाला वेढणारा 'ड्रॅको' हा तारकासमूह मराठीत 'कालेय' या नावाने ओळखला जातो. त्यातील 'ठुबान' हा तारा इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात ध्रुवताऱ्याच्या स्थानी होता. त्याचे नाव सर्पवाचक अरबी शब्दावरून आलेले आहे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला ज्या दोन पातबिंदूंत छेदते, त्यांना मध्ययुगीन युरोप ड्रॅगनचे डोके व शेपूट म्हणत असे. त्यामुळेच सुमारे २७.२१ दिवसांच्या चांद्रमासाला ड्रॅगनवाचक नाव मिळाले. हे दोन बिंदू म्हणजेच आपले राहू आणि केतू. येथे नामे भिन्न असली तरी संकल्पना तंतोतंत एक आहे. म्हणून येथे देशी शब्द केवळ सोयीचा नसून अधिक अचूकही आहे.

प्राणिशास्त्रात मात्र नाम वस्तूपेक्षा मोठे झालेले दिसते. लिनीअसने १७५८ साली ज्या प्रजातीला 'ड्रॅको' हे नाव दिले, ते वितभर लांबीचे निरुपद्रवी सरडे आहेत. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या त्वचेच्या आधारे ते एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जातात. त्यांतील एक जाती गोव्यासह पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळते. याउलट 'कोमोडो ड्रॅगन'चे शास्त्रीय वर्णन पीटर औवेन्स यांनी १९१२ साली केले, तेव्हा त्याला घोरपडीच्याच 'व्हॅरॅनस' प्रजातीत स्थान मिळाले. लोकांच्या मनात 'ड्रॅगन' ठसला तो डग्लस बर्डन यांच्या १९२६ सालच्या मोहिमेनंतर आणि तिच्यावरील पुस्तकानंतर. 'कोमोडोची घोरपड' म्हटले असता प्राण्याचे कुल कळते. 'ड्रॅगन' म्हटले असता केवळ भय कळते.

मराठी लोकव्यवहाराने या बाबतीत स्वतंत्र दृष्टी दाखवली आहे. इंग्रजीत ज्या कीटकाच्या नावात ड्रॅगन आहे, तो मराठीत 'चतुर' आहे. या नावामागे भीती नाही. उलट २०२१ साली गुजरात शासनाने ड्रॅगन फळाला 'कमलम्' हे नाव दिले, तेव्हा त्यामागे मूळ नावाचा चीनशी असलेला संबंध तोडण्याची भूमिका होती. पहिले नाव निरीक्षणातून आले, दुसरे निर्णयातून. बाजारात मात्र 'ड्रॅगन फ्रूट' हेच नाव चालत राहिले.

५

या विवेचनावरून भाषांतरकारासाठी काही दिशा सुचतात. मराठी बायबलमध्ये प्रकटीकरणातील प्राण्यासाठी 'अजगर' हा शब्द योजला गेला. त्यात सर्पत्व आणि अवाढव्यता टिकली. परंतु अजगर हा आपल्याकडे आळसाचाही संकेत असल्याने उग्रता काहीशी उणावली. फाफ्नीरसाठी 'भुजंग' अन्वर्थक ठरेल. बौद्ध कथांत 'नाग' हाच मूळ शब्द असल्याने तेथे पर्यायाचा प्रश्नच उद्भवत नाही. खास चिनी संदर्भात 'लुंग' ठेवणे उचित होय. २०२४ हे चिनी पंचांगातील लुंगवर्ष सुरू झाले, तेव्हा चीनमधील इंग्रजी लेखनातही 'ड्रॅगन' टाळून मूळ उच्चाराकडे जाण्याचा आग्रह दिसला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. संत जॉर्ज, स्पेन्सर आणि त्यांच्या परंपरेतील आधुनिक अद्भुतकथा यांच्यापुरता 'ड्रॅगन' हा शब्द मराठीत निःशंकपणे राहावा.

हा शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. प्रत्येक नाम आपल्याबरोबर एक मूल्यनिर्णय घेऊन येते, एवढेच येथे सुचवायचे आहे. 'चिनी ड्रॅगन' असे लिहिताना मराठी पत्रकार चीनच्या १८८९ ते १९१२ या काळातील राष्ट्रध्वजावर विराजमान असलेल्या मंगल लुंगाचे स्मरण करीत नसतो. तो युरोपच्या मध्ययुगीन भीतीचा, बहुधा नकळत, पुनरुच्चार करीत असतो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने प्रतिमांतील साम्य अवश्य शोधावे. मात्र ते साम्य प्रतिमांत आहे की केवळ त्यांना जोडलेल्या नामात आहे, याची शहानिशा प्रथम करावी. संकाश्यच्या त्या पांढऱ्या कानांच्या नागाला त्याचे नाव परत मिळणे, ही त्या शहानिशेची पहिली कसोटी ठरेल.