गृहसजावट : रंग, पोत आणि माती

(द्वितीय वर्ष, कला)

अन्न आणि वस्त्र यांच्याप्रमाणेच निवारा ही माणसाची मूलभूत गरज होय. परंतु निवारा मिळाला की तो सुंदर असावा, असेही माणसाला वाटू लागते. या ओढीतूनच गृहसजावटीची कला जन्मास आली. रंग, पोत आणि साहित्य ही तिची तीन अंगे. आज त्यांत कोणता पालट होत आहे, ते पाहू.

रंग : अमेरिकेतील पॅन्टोन ही कंपनी २००० सालापासून दरवर्षी एक रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. २०२५ साठी तिने 'मोका मूस' हा तपकिरी रंग निवडला, तर २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' हा पांढरा. फॅशन अशी चंचल असते. पण हे दोन्ही रंग आपल्याकडे एकाच भिंतीवर पूर्वीपासून नांदत आहेत. वारली घराची भिंत शेणामातीने लिंपून गेरूने सारवतात आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. ही कला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

पोत आणि साहित्य : गुळगुळीत, चकचकीत भिंतीऐवजी हाताचा स्पर्श जाणवेल अशी भिंत आज अनेकांना हवी असते. त्यामुळे चुन्याचा गिलावा पुन्हा मान्यता पावत आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावतात. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. अशी भिंत ओलावा कोंडून ठेवत नाही. राजस्थानची आराईश आणि मोरोक्कोचे तादेलाक्त हे घोटून चकाकी आणलेल्या चुन्याचेच प्रकार होत.

येथे एक प्रश्न मनात येतो. आमच्या घराची जमीन अजून शेणामातीची आहे. आई ती आठवड्याला वाकून सारवते आणि तिला फरशी हवी आहे. शहरात ज्या मातीच्या स्पर्शासाठी पैसे मोजले जातात, तीच आमच्याकडे गरिबीची खूण मानली जाते. आईची इच्छा मला मुळीच चुकीची वाटत नाही. सौंदर्याची किंमत एकाच्याच कमरेने का मोजावी? मात्र कोणती माती तडकत नाही, शेण किती घालावे, हात कसा फिरवावा, हे तिचे ज्ञान फरशीखाली गाडले जाऊ नये, असे मनापासून वाटते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरी फरशी अवश्य बसवा. पण त्याआधी आपल्या आईजवळ, आजीजवळ बसून हे ज्ञान वहीत उतरवून घ्या. पुस्तकांत न आलेला तोही एक अभ्यासविषयच आहे.