बाजारभावाच्या रकान्यातील गाढवे

तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागात, शेवगाव, नेवासे आणि पाथर्डी या तीन तालुक्यांत खपणाऱ्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत मी उमेदीची वर्षे काढली. अंक चार पानांचा. अक्षरांचे खिळे हाताने जुळवावयाचे, ट्रेडल यंत्रावर छापावयाचे, रात्री उशिरापर्यंत रॅपर चिकटवावयाचे आणि पहाटेच्या एस. टी. ने गठ्ठे रवाना करावयाचे, असा तेथील शिरस्ता होता. चार पाने भरणे हे काम मुळीच कठीण नसते. मामलेदार कचेरीच्या नोटिसा, सोसायटीच्या सभांचे वृत्तान्त आणि कोणा पुढाऱ्याच्या सत्काराची हकीकत एवढ्यावर ती सहज भरतात. कठीण असते ते हे, की तीच चार पाने दर आठवड्यास निराळी वाटावीत आणि तरीही वाचकास ती आपलीच वाटावीत. ज्यांनी आज एखादे साप्ताहिक, साखर कारखान्याचे मुखपत्र किंवा शाळेचे नियतकालिक हाती घेतले आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या कचेरीत जे घडताना पाहिले ते येथे नमूद करतो.

1972 च्या दुष्काळाचे ते दिवस. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव सुरू होती. कामावरच्या माणसांना सुकडी मिळे, आणि रेशनच्या दुकानांत परदेशातून आलेला मिलो नावाचा तांबडा जोंधळा. अशा काळात वर्गणीदारांनी वर्गणी थकविली यात नवल काहीच नव्हते. परंतु आमच्या मालक-संपादकांनी, जे वृत्तीने अत्यंत प्रामाणिक आणि भिडस्त गृहस्थ होते, त्याचा अर्थ असा लावला की अंक एकसुरी झाला आहे, वाचक कंटाळला आहे, आणि म्हणून मजकुरात वैविध्य आणणे अगत्याचे आहे. निदान चुकले की औषधही चुकते. पुण्या-मुंबईची नियतकालिके मागविण्यात आली, कात्री आणि डिंकाची बाटली मेजावर आली, आणि महिन्याभरात अंकात राशिभविष्य, शब्दकोडे, चित्रसृष्टीतील वार्ता, पाककृती आणि ‘जगातील नवलाई’ अशी सदरे एकामागून एक दाखल झाली. जागा तर तेवढीच. तेव्हा शेवटच्या पानावर उजव्या हातास वर्षानुवर्षे येणारे बाजारभाव आत कोठेतरी ढकलले गेले, आणि ‘गावोगावची पत्रे’ तूर्त स्थगित झाली.

एका अंकात बदामाच्या हलव्याची कृती छापली गेली. त्याच आठवड्यात पाथर्डीकडच्या एका बाईंनी पोस्टकार्डावर विचारले होते की मिलोच्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हातावरच मोडते, त्याला काही इलाज असल्यास कळवावा. ते कार्ड जागेअभावी बाजूस राहिले. इलाज ठाऊक नव्हता असे नाही. आधणाच्या पाण्यात पिठाची उकड काढून मळावे, एवढे आमच्या छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्या गृहस्थांच्या घरी रोजच चालले होते. पाककृतीचे सदर मुळात वाईट नव्हते. त्या आठवड्यास तालुक्यातील प्रत्येक चुलीला हवी असलेली एक पाककृती हाताशी होती, आणि आम्ही दुसरीच छापली.

ग्रामीण भागात अंकाची एक प्रत एक मनुष्य वाचीत नसे, एक वाचून दाखवी आणि दहाजण ऐकत, ही गोष्ट शहरातील नमुन्यांवरून अंक आखणाऱ्यास सुचत नाही. शब्दकोडे मोठ्याने वाचून दाखविता येत नाही. राशिभविष्य दाखविता येते, पण बाराही राशी ऐकण्याचा संयम पारावर कोणाला असतो? वाचणारा “पुढे काय ते बघा” असे ऐकून पान उलटी आणि बाजारभाव शोधू लागे, ते नेहमीच्या ठिकाणी सापडत नसत. मग कार्डे येऊ लागली, त्यांत तक्रार एकच: भाव कोठे गेले? पुढे वर्गणीसाठी पाठविलेल्या व्ही. पी. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येऊ लागल्या, आणि या वेळी कारण केवळ दुष्काळ हे नव्हते.

याच सुमारास ‘दीनमित्र’चे जुने अंक पाहण्याचा योग आला. नेवासे तालुक्यातील तरवडी हे गाव आमच्या टापूतलेच, आणि तेथून मुकुंदराव पाटील यांनी चालविलेले हे सत्यशोधक साप्ताहिक. कृष्णराव भालेकर, ज्यांनी 1877 साली ‘दीनबंधू’ काढले, त्यांचे मुकुंदराव हे पुत्र. 1910 साली सुरू झालेला ‘दीनमित्र’ मुकुंदरावांनी 1967 साली देह ठेवीपर्यंत चालविला. खेड्यात बसून इतकी वर्षे एक पत्र चालविणे आणि तेही भिक्षुक, कुलकर्णी, सावकार यांच्या जाचाविषयी तेच तेच गाऱ्हाणे मांडीत राहून, हे एकसुरीपणाचे आमंत्रणच म्हणावयाचे. परंतु ते अंक चाळताना कंटाळा येत नाही. अग्रलेख खणखणीत, त्याच्या जोडीला ‘आसूडाचे फटके’ हे चुरचुरीत सदर. शिवाय मुकुंदरावांची लेखणी एका वृत्तात अडकून पडणारी नव्हती: ‘कुलकर्णी लीलामृत’ त्यांनी पोथीच्या थाटात ओवीबद्ध लिहिले, जेणेकरून ज्याला वर्तमानपत्राची सवय नाही पण पोथी ऐकण्याची आहे त्याच्याही कानी वतनदारीची करणी पडावी, ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही कादंबरी लिहिली, ‘राष्ट्रीय तमाशा’ हे नावच आपला पवित्रा सांगते. रूप पालटत गेले, पक्ष पालटला नाही. आमच्याकडे नेमके उलट चालले होते: प्रत्येक सदर निराळ्या मुलखातून आणलेले, आणि ते कोणाच्या वतीने बोलते आहे याचा पत्ता नाही. बाजरीच्या पेऱ्यात आमचा शेतकरी तूर, मटकी, हुलगा मिसळतो, पण ते सारे त्याच रानात, त्याच पाभरीने; रानाची जात न पाहता त्यात केशर लावीत नाही.

सुदैवाने मालक हट्टी नव्हते. बाजारभाव पूर्वस्थळी आले, पत्रे सुरू झाली. परंतु वैविध्याचा प्रश्न तसाच उरला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे त्या बाजारभावाच्या रकान्यातच सापडले.

पाथर्डीजवळ मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते; होळीपासून पाडव्यापर्यंत ती चालते, रंगपंचमीस गर्दी लोटते, आणि तेथील गाढवांचा बाजार साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक आहे. भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येतात, काठेवाडी गाढवांस विशेष मागणी असते. एरवी आमच्या रकान्यात बाजरी, ज्वारी, गूळ, कांदा आणि घोडेगावच्या बैलांचे भाव येत. त्या वर्षी एका तरुण वार्ताहराने यात्रेच्या गर्दीचे नेहमीचे वर्णन पाठविण्याऐवजी गाढवांचे भाव पाठविले, आणि तेही दातांवरून वय कसे ठरते त्या तपशिलासह: दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे चौवान, तसेच कोरा, अखंड जवान. सोबत खालच्या ओळीत एवढेच, की सौदा बहुतेक उधारीवर होतो आणि पैसे पुढल्या यात्रेस चुकते करण्याचा शब्द दिला जातो. पंधराएक ओळींचा मजकूर. आम्ही तो गूळ आणि कांद्याच्या खाली, त्याच टाईपात, कोणतेही मथळ्याचे अवडंबर न करता छापला. त्या अंकाच्या प्रती पुरल्या नाहीत. वीटभट्टीवाले, वडार, कैकाडी, ज्यांनी आमचा अंक कधी हाती धरला नव्हता, ते कचेरीत येऊन चौवान गाढवाचा भाव आम्ही चढा छापला की उतरता यावर वाद घालू लागले. सदर जुने, जागा जुनी, भाषा जुनी. आत आलेला पाहुणा तेवढा नवा.

तेव्हापासून मी नव्या संपादकांस प्रथम हेच सांगत आलो आहे, की नवे सदर काढण्यापूर्वी जुन्या सदराचे दार आणखी कितीजणांस उघडता येईल ते तपासावे. पिकांवर लिहिता ना, मग एकदा पाटकऱ्यास लिहिते करावे, कालव्याच्या आवर्तनाच्या रात्री शेवटच्या चारीपर्यंत पाणी का पोचत नाही ते त्याच्याइतके कोणास ठाऊक? त्याला लेख लिहिता येत नसेल तर त्याची जबानी घ्यावी आणि जबानीच्याच रूपाने छापावी. सवाल-जवाब, कैफियत, पत्र, यादी, नकाशा ही सारी लेखनाची रूपेच आहेत, आणि एका विषयास आठवड्याआड निराळे रूप दिले की तोच विषय पुन्हा ऐकला जातो. सर्व वयाच्या वाचकांस एकाच अंकात कोंबण्याचा मोहही टाळावा. 1842 साली अहमदनगरातच निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या मिशनरी चालकांनी मुलांसाठी पुढे ‘बालबोधमेवा’ हे वेगळे मासिक काढले, मोठ्यांच्या पानांत मुलांचा कोपरा ठेवून ते थांबले नाहीत. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी काहीही मत असो, ही समज पक्की होती. सर्व रसांचे एकत्र दर्शन ज्यास हवे त्याच्यासाठी आपल्याकडे दिवाळी अंक आहेत, का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला काढला तेव्हापासून, परंतु तो वर्षातून एकदा, सुटीत, लोळत वाचण्याचा मजकूर. दर गुरुवारी दिवाळी साजरी करू पाहणारे साप्ताहिक पुढील दिवाळीपर्यंत टिकत नाही.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. नवे काही सुरू करावयाचे तर ते चार अंकांपुरते आहे असे आरंभीच जाहीर करावे. मग बंद करताना खुलासा करावा लागत नाही, आणि लोकांनीच मागणी केली तर ते पुन्हा सुरू करताना संपादकाची पत वाढते. दुसरे, वाचकांच्या कविता. त्यांचा लोंढा येतो, आणि नकार दिला की वर्गणीदार तुटतो. आम्ही अशा कवीस त्याच्या गावच्या विहिरींच्या पाण्याची पातळी, यात्रेची तारीख, आणि शाळेतील पटसंख्या कळविण्याची विनंती करीत असू, आणि अंकाची एक प्रत विनामूल्य लावून देत असू. बहुतेकजण कविता विसरून नियमित कळवू लागत. जे विसरत नसत, त्यांतील एखाद्याची कविता खरोखरच छापण्याजोगी निघे.