सायकल शर्यतीचं गणित



आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका संपादक मंडळाच्या नजरेतून सुटल्या असतील त्या माझ्या समजा आणि पुढे वाचा. विषय मात्र अगदी जवळचा आहे : मुलींची रस्त्यावरची सायकल शर्यत.

माझं गाव पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. गावातून ताहाराबादच्या रस्त्याला लागलं की शेलबारीचा घाट येतो. दिवाळीच्या सुट्टीत मी रोज पहाटे त्या रस्त्यावर सराव केला. मागून कांद्याचे ट्रॅक्टर यायचे आणि शेतावर निघालेली एखादी आजी हमखास विचारायची, "कोठे चालनी व माय?" "घाटात" असं सांगितलं की ती आधी सायकलकडे बघायची, मग माझ्याकडे.

जानेवारीत मुलींच्या ४० किलोमीटरच्या एका शर्यतीत उतरले. पहिले २५ किमी सपाट, नंतर घाट. सपाट रस्त्यावर जवळजवळ निम्मा वेळ मी सगळ्यांच्या पुढे होते! घाट लागला आणि एकेक जण मला मागे टाकून गेली. मी शेवटून तिसरी आले. पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला सुरुवातसुद्धा झाली होती. होस्टेलवर सगळ्यांचं एकच मत, "तुझा दम कमी पडला." मलाही तेच वाटत होतं. पण नंतर वही काढून आकडेमोड केली आणि वेगळंच कळलं. ती आकडेमोड म्हणजेच हा लेख.

१. सपाट रस्त्यावर शत्रू हवा

माझं आणि सायकलचं मिळून वजन ६५ किलो धरू. ताशी ३० किमी वेगाने सपाट रस्त्यावर जायला मला साधारण १७० वॅट शक्ती लागते. त्यातले जवळपास १४० वॅट फक्त हवा कापण्यात जातात, उरलेले टायर आणि रस्ता यांच्या घर्षणात. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३० चा वेग ३६ केला, तर वेग फक्त २० टक्के वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती १४० वरून २४० वॅटवर जाते. फर्स्ट इयरला हे सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. रस्त्यावर मात्र ते पायांना कळतं.

आता दुसरीच्या मागे चिकटून चालवलं तर? पुढची हवा फोडते, मागचीला आडोसा मिळतो. हवेचा खर्च ३० टक्क्यांनी कमी झाला असं धरलं, तर मागच्या मुलीचे सुमारे ४० वॅट वाचतात. वेग मात्र दोघींचा सारखाच!

माझ्या शर्यतीत २५ किमीला ५० मिनिटं लागली. त्यातली निम्मी, म्हणजे २५ मिनिटं, मी पुढे होते. ४० वॅट गुणिले १५०० सेकंद म्हणजे ६०,००० ज्यूल. ६५ किलो वजन एक मीटर वर चढवायला सुमारे ६३७ ज्यूल लागतात. भागाकार करा : जवळजवळ ९४ मीटर उंची. पाच टक्के चढाच्या घाटात ही उंची गाठायला पावणेदोन किलोमीटरच्या वर रस्ता लागतो. शरीर म्हणजे काही बॅटरी नाही, त्यामुळे हिशोब तंतोतंत बसणार नाही. तरी मुद्दा लक्षात येतो. घाटातली ती पावणेदोन किलोमीटरची चढण मी पुढे राहण्याच्या हौसेत, दुसऱ्यांना आडोसा देण्यात खर्च करून बसले होते.

२. घाटात शत्रू वजन

पाच टक्के चढ म्हणजे १०० मीटर रस्त्यात ५ मीटर उंची. अशा चढावर ताशी १२ किमीने जायला मला सुमारे १२८ वॅट लागतात. त्यातले १०६ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आणि हवेसाठी जेमतेम ९. म्हणजे इथे आडोशाचा फायदा फार थोडा. वेग १२ चा १५ करायचा तर १६६ वॅट हवेत. पुढची मुलगी १५ ने गेली म्हणून आपणही तिच्या मागे पळालो, तर पाच मिनिटांत धाप लागते. म्हणून सपाट रस्त्यावर घोळक्यात राहायचं आणि घाटात स्वतःच्या लयीत चालवायचं. मी बरोबर उलटं केलं.

३. गिअरची लाज

आपल्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात असं समजू. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.१ मीटर जाते. ताशी १२ किमीला मिनिटाला ३९ फेरे पडतात. पुढे ३४, मागे २८ असा हलका गिअर टाकला तर तोच वेग ७८ फेऱ्यांत मिळतो. शक्ती तीच, फेरे दुप्पट, म्हणून प्रत्येक फेऱ्यातला जोर निम्मा. १७ सेंमीच्या क्रँकवर हिशोब केला तर पायडलवरचा सरासरी जोर १९ किलोवरून साडेनऊ किलोच्या आसपास येतो. गुडघे सुटले!

माझ्या सायकलला हलका गिअर होता. पण एवढ्या लवकर तो टाकणं मला कमीपणाचं वाटलं. ह्या चुकीला कुठलंच सूत्र नाही.

४. टोकियोतली गणितज्ञ

आता तुम्ही म्हणाल, मागे लपूनच शर्यत जिंकायची का? तर नाही. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांची १३७ किमीची रस्ता शर्यत झाली. ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर ही त्या देशाची एकटीच स्पर्धक होती. गणितात पीएच.डी., त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नाही, सरावाचं नियोजनही स्वतःचं स्वतः. समोर नेदरलँड्सच्या चौघी : व्हान व्ल्यूटन, व्हान डर ब्रेखन, फॉस आणि फॉलरिंग. चौघीही जगातल्या अव्वल.

शर्यत सुरू होताच ॲना आणि आणखी चौघी पुढे निसटल्या. मागच्या घोळक्याने त्यांना फारसं मनावर घेतलं नाही आणि अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. पुढे असूनही ॲना एकटी हवा खात नव्हती, बरोबरच्या मुलींशी आळीपाळीने पुढे-मागे होत होती. शेवटचे सुमारे ४० किमी उरले तेव्हा चढावर ती एकटी सुटली. वरचं गणित आठवा : चढावर आडोशाची किंमत सगळ्यात कमी, म्हणजे एकटं निघायला जागा तीच!

ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांच्या कानात रेडिओ नसतो. मागच्यांनी पुढे गेलेल्या शेवटच्या दोघींना गाठलं आणि त्यांना वाटलं, आता पुढे कोणी नाही. व्हान व्ल्यूटनने हात उंचावून रेषा ओलांडली. पण ॲना तिच्या ७५ सेकंद आधीच पोचली होती. जगातल्या उत्तम संघाची साधी बेरीज चुकली होती : पुढे किती गेल्या आणि त्यातल्या किती सापडल्या.

५. आणि आपण?

पुरुषांची रस्ता शर्यत ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे, महिलांची आली १९८४ ला. ८८ वर्षं उशीर! आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यत म्हटली की बोरघाट आणि 'घाटाचा राजा' हा किताब आठवतो. राणीचं नाव सहसा कोणाच्या तोंडी नसतं. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेने २०२० मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदकं आणली. तिचं गाव काही महानगर नाही. खेडोपाडीच्या कितीतरी मुली रोज सायकलवर शाळेत जातात आणि दहावी-बारावीनंतर ती सायकल कोपऱ्यात गंजते. माझीही दोन वर्षं गंजलीच होती.

तेव्हा रविवारी पहाटे सहा वाजता मी होस्टेलच्या गेटवर असते. गिअरची सायकल नसली तरी चालेल, आळीपाळीने पुढे राहू. चेनला तेल आणि टायरमध्ये हवा तेवढी बघून या. मेसचा नाश्ता सुरू व्हायच्या आत परत येतो. मेकॅनिक्सच्या सरांनी वरची आकडेमोड तपासली आहे आणि "वायव्हाला एवढं नीट सांगितलं असतंस तर!" असा शेराही मारला आहे.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा उतरणार आहे. नंबर येईलच असं म्हणत नाही. पण या वेळी कमान उभी असताना पोचायचं आहे.