इंजिन खोललंच आहे, तर पाण्याची वाटही बघा

जुन्या गाडीचं इंजिन बांधायला काढलं की गॅरेजवाला आपल्याला पिस्टन दाखवतो, झिजलेल्या बेअरिंग हातावर ठेवतो, बोअरमधले ओरखडे बोटाने चाचपायला लावतो. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळ्या, म्हणजे वॉटर जॅकेट, मात्र कुणी दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. मी विचारलं नव्हतं. फुल इंजिनचं ८४ हजारांचं बिल भरलं आणि चौथ्या महिन्यात खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. हेड पुन्हा उतरवलं तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या मागे तांबूस गाळ गच्च बसलेला होता. नवे पिस्टन, नव्या रिंगा आणि भोवती दहा वर्षांचा चिखल! दुसऱ्या खेपेचे १८ हजार वेगळे.

गाडी २०१२ची डिझेल हॅचबॅक, आत फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावातही हे इंजिन बनत असे. स्विफ्ट, डिझायर, विस्टा, पुंतो अशा कितीतरी गाड्यांत तेच होतं, त्यामुळे जुन्या बाजारात आजही ते ढिगाने सापडतं. दोष इंजिनाचा नव्हता, पाण्याचा होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलं होतं.

आत काय साचलंय, हे रंगावरून बरंचसं कळतं. पांढरट, कडक थर म्हणजे जड पाण्यातले क्षार. गिझरच्या कॉइलवर जमतात तेच. हा थर बिडाच्या तुलनेत वीस-तीस पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे सिलिंडरवर आपण बाहेरून गोधडीच पांघरलेली असते. तांबडा गाळ हा गंज. कूलंटऐवजी नुसतं पाणी घातलं की बिडाचा ब्लॉक आतून गंजत जातो. जेलीसारखा चिकट पदार्थ निघाला, तर कुणीतरी दोन जातींची कूलंट एकत्र केली असण्याची शक्यता मोठी. कॉफीवरच्या सायीसारखा थर असेल, तर पाण्यात ऑइल मिसळलंय: हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा तडकलेलं हेड. हे कारण सापडल्याशिवाय धुण्याला अर्थ नाही. आणि पिवळट लगदा निघाला तर हसू नका, ती हळद असते. रेडिएटरची गळती थांबवायला हळद टाकण्याचा उपाय हायवेवर अजून चालतो. छिद्रासोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात, एवढंच.

आता मुख्य काम. ब्लॉकच्या बाजूला नाण्यासारख्या पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘डमी’ म्हणतात. त्या काढल्याशिवाय पोकळीच्या तळाशी हात पोचत नाही, आणि गाळ तळाशीच बसतो. विशेषतः वॉटर पंपापासून लांबच्या टोकाला, जिथे प्रवाह मंद असतो. वरून पाइप लावून पाणी मारलं, स्वच्छ पाणी बाहेर आलं, झालं काम, असं कुणी म्हणालं तर मानू नका. पाणी सोपी वाट धरतं, गाळ तिथेच राहतो. डमी काढायच्या, वाकवलेल्या तारेने कोपरे खरवडायचे, मगच धुवायचं.

धुवायचं कशाने, यावर गॅरेजागणिक मत वेगळं. लेथवाल्याकडे कॉस्टिकची गरम टाकी असेल तर बिडाचा ब्लॉक त्यात घालायला हरकत नाही. हेड मात्र ॲल्युमिनियमचं असतं आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, तेव्हा हेड त्या टाकीत जाता कामा नये. तुमच्या गाडीचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा असेल (नव्या पेट्रोल गाड्यांत तो सर्रास असतो), तर त्यालाही हाच नियम. गंज आणि क्षार यांच्यावर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यातून चांगलं काम करतं. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुवून, भरपूर साध्या पाण्याने खळखळून, हवेच्या झोताने लगेच वाळवायचं. ओला ब्लॉक रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबडा. संडास साफ करायचं ॲसिड सुचवणारे भेटतील. ते बीडही खातं आणि ॲल्युमिनियमही. तेलाची साय असेल तर आधी डिटर्जंट, मग लिंबूफूल. उलटं केलं तर तेलाखालच्या गंजापर्यंत ॲसिड पोचतच नाही. आणि ही सगळी धुलाई बोअरिंग-होनिंगच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही.

खर्चाचं बोलू. हे आकडे पुणे परिसरातल्या स्थानिक गॅरेजांत आणि लेथवाल्यांकडे विचारून काढलेले, छोट्या डिझेल गाडीसाठीचे आहेत. तुमच्या गावी थोडं इकडे-तिकडे होईल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात बरंच वर जाईल. ब्लॉकची धुलाई ८०० ते १,५०० रुपये. नव्या डमींचा संच ३०० ते ६००; जुन्या पुन्हा ठोकू देऊ नका. लिंबूफूल किलोभर आणलं तरी दोन-अडीचशे. म्हणजे खरी सफाई तेराशे ते साडेतेवीसशेत बसते. अख्ख्या फुल इंजिनचा अंदाज ७० हजार ते १ लाख १० हजार रुपये असताना हीच ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसते.

हेडची प्रेशर टेस्ट ५०० ते १,५०० रुपयांत होते. ती फेसिंगच्या (हेडचा पृष्ठभाग सपाट करण्याच्या) आधी करून घ्या, नाहीतर तडकलेल्या हेडच्या फेसिंगचेही पैसे द्याल.

सफाईबरोबर काही भाग बदलावे लागतात. गाळाने भरलेला रेडिएटर धुण्यापेक्षा नवा परवडतो: ३,५०० ते ६,००० रुपये. जुन्या पितळी रेडिएटरमध्ये सळ्या घालून नळ्या साफ करता यायच्या. आताच्या ॲल्युमिनियमच्या नाजूक नळ्यांना ते सोसत नाही. होज पाइपांचा संच १,५०० ते ३,०००. पाण्यात तेल गेलं असेल तर पाइप फुगून मऊ होतात, तेव्हा तिथे काटकसर नको. वॉटर पंप, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतली वॉटर बॉडी, १,५०० ते ३,०००. थर्मोस्टॅट १,००० ते २,०००. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी थंड राहील’ हे वाक्य ऐकलंत तर नम्रपणे नाही म्हणा. साधारण ८० ते ९० अंशांना उघडणारी ही झडप इंजिनाला योग्य तापमानावर आणते. ती नसेल तर थंड इंजिन जास्त इंधन पितं आणि लवकर झिजतं. ऑइल कूलर गळका निघाला तरच त्याचे अडीच ते पाच हजार धरा. डॅशबोर्डमागचा हीटर विसरू नका. आपल्याकडे तो वर्षभर बंद असतो, म्हणून गाळाला तिथे हक्काचं घर मिळतं. त्याचे दोन्ही पाइप सोडून उलट-सुलट पाणी सोडायचं; याला पैसे नाहीत, अर्धा तास लागतो.

शेवटी कूलंट. या गाडीला साधारण सहा लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर तीन लिटरचे हजार ते तेराशे आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी चालणार नाही. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीच्या मर्जीचं असतं. मॅन्युअलमधली जात बाटलीवरच्या मजकुराशी ताडून घ्या. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर ‘अजून चांगलं’ होत नाही. पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेऊ शकत नाही. पहिलं भरलेलं कूलंट दोन-तीन महिन्यांत एकदा काढून बघा. गढूळ निघालं तर बदला. या दुसऱ्या भरण्याचे हजार-दीड हजार आधीच बाजूला ठेवलेले बरे.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. कुणी २८ लावत असेल तर अंदाजपत्रक परत करा. कामाच्या यादीत ‘डमी काढून वॉटर जॅकेट साफ करणे’ असे शब्द लिहून घ्या आणि ब्लॉक बांधण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून स्वतः आत बघा. फोटो काढा. नंतर वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण कागद नसेल तर तिथे बोलायला काही उरत नाही.

जुनी गाडी अजून विकत घ्यायचीच असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं किंवा बाटलीचं टोपण उघडा आणि आत बोट फिरवा. बोट तांबडं झालं तर किमतीतून वीस हजार कमी करायला सांगा.

आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या बादलीत राहू देऊ नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ असं लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या.